नाकाला रुमाल न लावणारी

शुभा, त्या फोटोत तू हसत नव्हतीस. परवा हॉलमध्ये उभं राहून सगळ्यांना हे सांगावं असं फार वाटलं. सांगितलं नाही, म्हणून आता तुलाच सांगते.

इथे कुवेतमध्ये, फरवानियातल्या त्या हॉटेलाच्या वरच्या मजल्यावर आपल्या लोकांनी तुझी शोकसभा ठेवली होती. शुक्रवारची दुपार, बाहेर भट्टी, आत एसी इतका की बायकांनी पदर गुंडाळून घेतलेले. समोर पडद्यावर तुझा मोठा फोटो. दगडी पूल, मागे लाल कंदिलांची माळ, हातात कागदी छत्री आणि दात दाखवणारी तू. त्या फोटोत माझा अर्धा खांदा होता, तो कुणीतरी कापून टाकला होता. मोबाइलवरच्या कसल्याशा अॅपने तुला हार घातला होता आणि त्या हाराची फुलं दर थोड्या वेळाने चमकत होती. दुकानाच्या पाटीसारखी.

मग एकेक जण उठला. शुभाताई म्हणजे सदा हसतमुख. शुभाताईंनी आजाराशी हसत हसत झुंज दिली. एका गृहस्थांनी तर फोटोकडे हात करून म्हटलं की बघा, चीनमध्येसुद्धा तेच प्रसन्न हास्य. ज्यांनी तुला आजारपणात एकदाही पाहिलं नाही, ते तुझ्या शेवटच्या दिवसांचं वर्णन करत होते. कुणीतरी ते मोबाइलवर चित्रित करत होतं आणि बोलणारे त्या मोबाइलकडे बघून बोलत होते. माझ्या शेजारची बाई हलक्या आवाजात मला विचारत होती की तुझ्या जागी आता लॅबमध्ये कुणाला घेणार, तिच्या भाचीचं शिक्षण झालंय. नंतर समोसे आले. तुझ्या फोटोखालच्या टेबलावरच त्यांनी चटणीची भांडी मांडली. मला शिसारी आली, शुभा. तू म्हणाली असतीस, बघ की नीट, त्यांना भूक लागलीय. मी बघितलं. नीट बघितलं तरी शिसारी तेवढीच राहिली.

आपलं सगळं भांडण याच एका गोष्टीवरून होतं. तू मायक्रोबायोलॉजीत, मी बायोकेमिस्ट्रीत. माझ्याकडे रक्त यायचं, तेही झाकण लावलेल्या नळीत, यंत्रात सरळ ठेवण्यासारखं. तुझ्याकडे थुंकी, शौच, पू, डबीबाहेर ओघळलेलं सगळं. तू ते नाकाला रुमाल न लावता उघडायचीस आणि उघडता उघडता मला सांगायचीस की काल कोबीची भाजी किती छान झाली होती. मी दाराशी उभी राहून चहाचा कप ओढणीत धरायचे. तू हसायचीस. मिरजेत तुझ्या वडिलांच्या गोठ्यात वाढलेली तू, आणि चिपळुणात विहिरीवर दोनदा हातपाय धुतल्याशिवाय घरात न येऊ देणाऱ्या बाईची मी मुलगी. किळस येते म्हणजे आपण बघायचं थांबवलंय, हे तुझं वाक्य. किळस येते म्हणजे नाक जागेवर आहे, हे माझं उत्तर.

ते चीनमध्ये जास्तच पेटलं.

क्लिनिकने नवं यंत्र घेतलं आणि ते बनवणाऱ्या कंपनीने आपल्या दोघींना प्रशिक्षणासाठी सुझौला बोलावलं. इतक्या वर्षांच्या कुवेतनंतर आपण दोघी पहिल्यांदाच अशा ठिकाणी निघालो होतो, जिथे घर नव्हतं आणि नोकरीही नव्हती. आठवडाभर त्या पांढऱ्या खोल्यांमध्ये बटणं दाबून झाली. रविवारी कंपनीतली ती लिन, चष्मा लावणारी लाजरी पोरगी, म्हणाली की जवळच पाण्यातलं जुनं गाव आहे, चालत बघण्यासारखं, मी नेते. तू बुटांच्या नाड्या बांधायलाच घेतल्यास.

गावाला दरवाजा होता आणि दरवाजावर तिकीट होतं. माझं डोकं तिथेच फिरलं. माणसं राहतात त्या गावाला तिकीट कसं लावतात, असं मी विचारलं, तर लिन म्हणाली की आता बरीचशी माणसं नवीन इमारतींत गेली, इथे दुकानं आहेत. आत मात्र पहिल्या वळणावर मी गप्प झाले, हे कबूल आहे. रस्त्यांच्या जागी कालवे. दोन्ही बाजूंना चुना लावलेली घरं, काळी कौलं, घरातून थेट पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, आणि अर्ध्या वर्तुळासारखे पूल, ज्यांचं उरलेलं अर्धं वर्तुळ पाण्यात दिसत होतं. कोकणातली असून मला पाण्याची इतकी ओढ किती दिवसांत लागली नव्हती. तू माझ्याकडे बघून भुवया उडवल्यास.

पण ते पहिल्या वळणापुरतंच. पुढे गल्लीभर दुकानं, आणि सगळीकडे तेच. डुकराचे पाय, साखरेच्या पाकात शिजवून तांबूस चकचकीत केलेले, ढिगाने रचलेले, वर माश्या. पलीकडे ते आंबवलेलं टोफू कढईत तळत होते. त्याचा वास मी आजही नाकातून काढू शकत नाही. तुंबलेल्या मोरीत कुणी भजी तळावीत तसा. मी रुमाल नाकावर दाबला. तू मात्र कागदी वाटी घेतलीस, उभ्याउभ्या खाल्लंस आणि मला म्हणालीस, "वास संडासाचा आहे, पण चव पनीरची आहे. खा गं." मी तुझ्यापासून चार पावलं लांब चालत राहिले.

मला त्या वासाहून जास्त किळस आली ती बाकीच्याची. भाड्याने रेशमी झगे घालून, डोक्यात कागदी फुलं खोचून मुली पुलापुलावर उभ्या होत्या आणि त्यांच्या मैत्रिणी त्यांना, मान वळव, हात वर कर, असं सांगत होत्या. एक नाव चालवणारी बाई गिऱ्हाइकांसमोर गाणं म्हणत होती. नाव पुलाखाली गेली की गाणं बंद, खिशातून मोबाइल बाहेर. पुलाच्या पलीकडे उजेडात आली की गाणं परत सुरू. मी तुला ते दाखवलं आणि म्हटलं की हे गाव म्हणजे मढ्याला पावडर लावून बसवलंय. तू म्हणालीस की ती बाई दिवसभर गाते, घसा दुखत असेल, पुलाखाली तरी गप्प बसू दे की तिला. तुझं हे नेहमीचंच. माझ्या रागाला टेकायला भिंतच ठेवायची नाहीस.

ऊन चढलं म्हणून मी ती कागदी छत्री घेतली. मग तू हट्ट धरलास की दुकानं पुरे, मागच्या गल्ल्यांत जाऊ. लिनला ते फारसं पसंत नव्हतं. तिकडे बघण्यासारखं काही नाही, असं ती म्हणत होती. तू पुढे चालायला लागली होतीस.

मागचा कालवा अरुंद होता आणि हिरवा. बांबूवर कपडे वाळत होते. एका पायरीवर एक बाई फडक्याने बादली घासत होती आणि दोन घरं पुढे दुसरी त्याच पाण्यात पालेभाजी धूत होती. मी रुमाल परत नाकावर धरला. तू मात्र खूश. इथे माणसं आहेत, म्हणालीस.

तिथेच तो म्हातारा होता. पाण्याकाठच्या घराच्या दारात, बांबूच्या खुर्चीत. पांढरी विरळ दाढी, सुरकुतलेला चेहरा, फोटोत चांगला दिसेल असाच. समोरच्या छोट्या पुलावर आपल्यासारखेच चुकून आलेले प्रवासी त्याचे फोटो काढत होते. त्याला ते कळत होतं की नाही कुणास ठाऊक. आणि बघता बघता त्याच्या खुर्चीखालून पाणी ठिबकायला लागलं. मग नुसतं पाणी नाही. वास पुलापर्यंत आला. लोकांनी आवाज काढले, हसले, नाकं धरली. रेशमी झग्यातल्या एका मुलीने पंखा तोंडावर धरला. पण मोबाइल कुणीच खाली केला नाही, शुभा. एका हाताने नाक आणि दुसऱ्या हाताने मोबाइल. मी आयुष्यात लॅबमध्ये, हॉस्पिटलमध्ये जेवढी घाण पाहिली, त्यात याच्याइतकं घाण काही पाहिलं नाही.

तू पर्समधून हातमोजे काढलेस. पर्समध्ये लिपस्टिक नसायची तुझ्या, हातमोजे असायचे. काठाने वळसा घालून त्याच्यापर्यंत गेलीस, दाराजवळच्या नळाखालची बादली भरलीस आणि मगाने त्याचे पाय धुवायला लागलीस. तो काहीतरी पुटपुटला. तू मराठीत म्हणालीस, "झालं बाबा, झालं." मी तुझ्या मागे आले खरी, पण जवळ येववत नव्हतं. म्हणून छत्री उघडली आणि त्याच्या व पुलाच्या मध्ये धरून उभी राहिले. पुलाकडे तोंड करून मी त्या लोकांना हिंदीतून शिव्या दिल्या. त्यांना कळल्या नाहीत. माझ्या मागे तू पाणी ओतत होतीस आणि मी तोंडाने श्वास घेत, ओकारी गिळत उभी होते.

तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन एक बाई गल्लीतून आली. सून असेल, मुलगी असेल. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तुझ्या मोजे घातलेल्या हातांकडे, एकदा पुलाकडे. आणि ती ओरडायला लागली. आपल्याला वाटलं पुलावरच्यांवर ओरडतेय. ती तुझ्यावर ओरडत होती. तिने तुझ्या हातातला मग हिसकावून घेतला, म्हाताऱ्याला काखेत धरून ओढतच आत नेलं आणि दार लावलं. आतूनही ओरडणं चालू होतं. लिन लालबुंद होऊन जमिनीकडे बघत होती. ती काय म्हणाली, असं तू विचारलंस. लिन सांगेना. तू परत विचारलंस, तेव्हा ती चाचरत म्हणाली, "ती म्हणते, आमचा म्हातारा तिकिटात धरलेला नाही."

तू ओले मोजे घालून त्या बंद दारासमोर उभी राहिलीस. मग मोजे काढलेस, उलटे करून पिशवीत बांधलेस आणि चालायला लागलीस. मोठ्या पुलावर आल्यावर त्या बिचाऱ्या लिनला वाटलं, काहीतरी करून या बायकांचा दिवस सावरावा. एक फोटो काढते, म्हणाली. तू माझ्या हातातली छत्री ओढून घेतलीस आणि दात आवळलेस. तोच तो फोटो. तेच ते प्रसन्न हास्य.

परतीच्या बसमध्ये आपण भांडलो. तू आधी दार वाजवायला हवं होतंस, असं मी म्हटलं. तू म्हणालीस, दार वाजवून कुणी येईपर्यंत तो तसाच बसला असता, वीस मोबाइलांसमोर. मी म्हटलं, त्या बाईचं घर आहे, तिची लाज आहे, दार लावायचा तिचा हक्क आहे. त्यावर तू माझ्याकडे वळलीस. तुझा तो चेहरा मला स्वच्छ आठवतो, घामाने कपाळाला चिकटलेले केस आणि नाकाचा लाल शेंडा. "दार लावून घाण जात नाही, मधू," तू म्हणालीस. "माझ्यावर अशी वेळ आली तर दार सताड उघडं ठेव. बघू देत ज्याला बघायचंय त्याला."

नंतर कुवेतला आल्यावर कितीदा तरी तो विषय निघाला. लॅबमधल्या चहावर, कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, दही घेऊन येताना, तुझ्या लेकीच्या, इराच्या वाढदिवसाला भांडी घासताना. तू कधी हटली नाहीस, मीही नाही. आपल्याला वाटायचं, भांडायला आयुष्य पडलंय.

आणि मग तुझ्यावर तशीच वेळ आली आणि तू दार लावून घेतलंस.

आतड्याचा कॅन्सर. आपल्याला दोघींनाही रिपोर्टची भाषा वाचता येत होती, त्यामुळे कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. ऑपरेशन झालं, पोटावर ती पिशवी आली, जखम भरेना, मग भरण्याची वाटही कुणी बघेना. शेवटच्या दिवसांत त्या खोलीत जो वास होता त्याबद्दल शोकसभेत कुणी बोललं नाही. मी बोलते. तो वास माझ्या केसांत बसायचा. ड्यूटी संपल्यावर मी रोज दुपारी यायचे, सिस्टरबरोबर तुझी पिशवी बदलायचे, तुला पुसायचे, कूस बदलून द्यायचे. आणि दर वेळी मला किळस यायची. पहिल्या दिवशी आली तेवढीच शेवटच्या दिवशी आली. दाढेखाली लवंग धरून मी आत यायचे. घरी जाऊन कोपरापर्यंत हात धुवायचे आणि ताटातलं वरण बघून उठायचे. बघितलं की किळस जाते म्हणायचीस ना? मी इतकं बघितलं, इतकं कुणाचंच कधी बघितलं नव्हतं. नाही गेली.

तुला ते कळत होतं. एकदा मी तुझी पाठ पुसत असताना तू मान वळवून विचारलंस, "अजून किळस येते का गं?"

"येते."

"मग कशाला करतेस?"

"दुसरं कोण करणार?"

तेव्हा तू हसलीस. टाके दुखले तरी हसलीस. तुझं खरं हसू पाहिजे होतं तर त्या लोकांनी तेव्हा यायला हवं होतं. पण तेव्हा कुणाला येऊ द्यायचं नाही, हे तूच ठरवलं होतंस.

नवऱ्याला, प्रसादला, तू अडवलं नाहीस. तो शुऐबा भागातल्या प्लान्टमधली पाळी संपवून थेट यायचा, अंगाला तेलाचा वास, तोंडावर एकावर एक दोन मास्क. दाराशी उभा राहायचा, तुझ्या पायाला हात लावायचा, आणि मग त्याला बाहेर जाऊन फोन करायचा असायचा. मला त्याचा संताप यायचा. आता तेवढा येत नाही. पण इराला तू आतच येऊ दिलं नाहीस. एकुलती एक मुलगी, कॉलेज सोडून रोज कॉरिडॉरमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायची आणि दर तासाला मला विचारायची की आज तरी आईने हो म्हटलं का. मी तुला सांगायचे. तू भिंतीकडे तोंड करायचीस.

एका दुपारी तू माझा हात धरून म्हणालीस की इराला नंतर सांगायचं, आई झोपेत गेली. वासबीस काही नव्हता, दुखतही नव्हतं. मी तुला बसमधल्या बोलण्याची आठवण करून दिली. दार सताड उघडं ठेव म्हणाली होतीस ना? तू डोळे मिटलेस. "तो परका म्हातारा होता, मधू. ही माझी पोर आहे. तिने मला नाक धरून आठवायचं नाही."

माझ्याकडे उत्तर होतं. तुला त्या वेळी उलटी आली आणि उत्तर राहून गेलं.

तू झोपेत गेली नाहीस. भर दुपारी, पूर्ण शुद्धीत, घाबरलेली गेलीस. चादर घाण झाली होती आणि सिस्टर नवी चादर आणायला गेली होती. तू अचानक मोठ्याने हाक मारलीस, "इरा". मी दाराकडे धावले तर तू माझं मनगट पकडलंस. तुझ्या अंगात इतका जोर कुठून आला मला कळलं नाही. तू मान हलवत होतीस, नको, नको. हाक मारलीस आणि येऊही दिलं नाहीस. माझं मनगट सुटलं तेव्हा सगळं संपलं होतं.

त्यानंतर जे झालं त्याचा मला सगळ्यात जास्त तिटकारा आहे. तुला स्वच्छ केलं, ते ठीक. मग प्रसादबरोबर आलेल्या कुणीतरी खिशातून ऊदाच्या अत्तराची बाटली काढली आणि खोलीभर फवारली. तुझ्या चादरीवर, उशीवर, हवेत. ऊद आणि त्याच्या खालून येणारा तो वास, दोन्ही मिळून असं काही तयार झालं की मी दाढेखाली दुसरी लवंग धरली. आणि अशा खोलीत इराला आणलं. केस विंचरलेली, अत्तर लावलेली आई तिला दाखवली आणि सांगितलं, बघ, किती शांत गेली. त्या नाववालीच्या गाण्यात तरी काही खरेपणा होता.

तुला मिरजेला नेलं. प्रसाद आणि इरा तेरावं करून परत आले आणि मग ही शोकसभा झाली. इरा पहिल्या रांगेत बसली होती. सगळी भाषणं तिने ऐकली, एकदाही डोळे पुसले नाहीत. झोपेतच शांतपणे गेल्या, असं कुणीतरी म्हणालं तेव्हा तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तुझेच डोळे, तसेच न हलणारे.

समोसे सुरू झाल्यावर ती माझ्याजवळ आली आणि इंग्रजीत म्हणाली की मला तुझ्या घरी यायचंय, आत्ता. आम्ही मागच्या जिन्याने उतरलो. रस्ता ओलांडून माझ्या इमारतीपर्यंत चालत आलो. मी दार उघडलं, एसी लावला, पाणी दिलं. तिने पेला हातात धरला आणि प्यायली नाही.

"मावशी, सगळे म्हणतात ती झोपेत गेली. पण मी बाहेर होते. आय हर्ड हर." मग तिने मराठीत विचारलं, अडखळत, प्रत्येक शब्द निवडून. "आईने मला हाक मारली ना?"

शुभा, तुझं मनगटावरचं ते धरणं मला तेव्हा आठवलं. तू मला काय सांगितलं होतंस तेही आठवलं. पण या पोरीने तुझा आवाज ऐकला होता. मी नाही म्हटलं असतं तर पुढे आयुष्यभर तिला स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवता आला नसता. त्या सगळ्या हसतमुख, प्रसन्न, शांत अशा घाणीत मला माझीही भर घालावी लागली असती. माझ्याने ते झालं नाही.

मी हो म्हटलं. आणि मग सगळं सांगितलं. जखम, पिशवी, चादर, हाक, माझं धरलेलं मनगट. ऊदाची बाटली का फवारली तेही. तिने मध्ये एकच प्रश्न विचारला, वास येत होता का. येत होता, खूप येत होता, मी म्हटलं. मला रोज ओकारी यायची आणि मी रोज लवंग खायचे.

"मग मला का नाही येऊ दिलं?"

"तुला किळस येईल म्हणून घाबरली होती ती. बाकी कशाला घाबरली नाही, याला घाबरली."

इराने पेला खाली ठेवला. "किळस आली असती," ती म्हणाली. "पण मीही आले असते ना."

शुभा, आपण दोघी इतकी वर्षं भांडलो आणि आपल्याला हे असं म्हणता आलं नाही.

मग तिने विचारलं की आईचं तिथलं काही उरलंय का. हॉस्पिटलने दिलेले तुझे कपडे प्रसादने मला टाकून द्यायला सांगितले होते. माझ्याने ते कचऱ्यात टाकवले नव्हते आणि उघडून धुववलेही नव्हते. बाल्कनीत, जुन्या कूलरच्या मागे, दोन गाठी मारलेली पिशवी तशीच पडली होती. मी तिला खरं ते सांगितलं, आणि वास असेल हेही सांगितलं. तिने पिशवी बाथरूममध्ये नेली आणि गाठी सोडल्या. आत तुझा पिवळा सुती गाऊन होता.

वास आला. इतक्या दिवसांचा, उन्हात कोंडलेला. इराने तोंडावर हात दाबला, कमोडकडे वळली आणि ओकली. पुन्हा ओकली. मी तिची पाठ धरली आणि म्हटलं, राहू दे, मी बघते. तिने चूळ भरली, नाक शिंकरलं, डोळे पुसले आणि ओढणी कमरेला खोचली. बादली नळाखाली ठेवली. टाकीतलं पाणी उन्हाने आपोआप कढत येत होतं. तिने पावडर टाकली, गाऊन त्यात बुडवला आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. तिला हाताने कपडे धुता येत नव्हते, घरी मशीनच बघितलेलं. मी शेजारी बसले आणि दाखवलं. पोटाजवळचा डाग दोघींनी मिळून घासला. फिका झाला, गेला नाही. अजून घासू का, तिने विचारलं. नको, कापड फाटेल, मी म्हटलं.

गाऊन वाळायची तिने वाट पाहिली नाही. पिळून ओलाच नव्या पिशवीत घातला. घरी मी माझ्या खोलीत वाळत घालीन, म्हणाली, आणि बाबांनी विचारलं तर सगळं सांगेन. दारात तिने मला मिठी मारली. तिच्या हातांना साबणाचा वास होता आणि त्याच्या खाली अजून तो दुसरा.

ती गेल्यावर मी बादली फिनेलने घासली, दोनदा घासली. मला अजूनही मळमळत होतं. तू माझ्यावर चिडली असशील, माहीत आहे. खुशाल चीड. इराला मी पुढच्या शुक्रवारी जेवायला बोलावलंय.